हातांच्या उपचाराला पायांची जोड

मणके ‘बसवून’ देणारे कायरोप्रॅक्टर आता रुग्णांना चालायला का लावत आहेत?

कंबरेत उसण भरली, की माणूस आधी अंथरूण धरतो. शेक, मलम, पट्टा आणि सक्तीची विश्रांती हे घरोघरी चालत आलेले उपाय. त्यांनी दुखणे हटले नाही, की एखादा जाणता हात शोधला जातो. मणका जागेवर बसवून एका झटक्यात आराम देणारा. पाश्चात्त्य देशांत या कामासाठी ‘कायरोप्रॅक्टर’ हा स्वतंत्र व्यवसाय सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. एकट्या अमेरिकेत असे ७० हजारांहून अधिक व्यावसायिक आहेत. मणक्यांवर हातांनी नेमका दाब किंवा झटका देणे हीच त्यांची ओळख. मात्र याच व्यवसायातील एक मोठा वर्ग आता रुग्णाला टेबलावरून उतरून चालण्याचा, वाकण्याचा, वजन उचलण्याचा आणि रोजची कामे न थांबवण्याचा सल्ला देऊ लागला आहे.

वरवर पाहता हा बदल किरकोळ वाटेल. व्यायाम करावा, हे कोण सांगत नाही? परंतु ज्या उपचारपद्धतीत रुग्णाने पालथे पडून राहायचे आणि बाकी सारे उपचार करणाऱ्याच्या हातांवर सोपवायचे, तिच्या दृष्टीने ही भूमिका मुळालाच हात घालणारी आहे. बरे करण्याची जबाबदारी कोणाकडे, रुग्णाने किती वेळा यायचे आणि पैसे नेमके कशाचे मोजायचे, हे सारे प्रश्न त्यातून उभे राहतात.

डेव्हनपोर्टची सुरुवात

या पद्धतीचा जन्म अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट या गावी झाला. कॅनडात १८४५ मध्ये जन्मलेले डॅनियल डेव्हिड पामर तेथे चुंबकीय उपचार करीत असत. सप्टेंबर १८९५ मध्ये त्यांनी आपल्याच इमारतीत साफसफाईचे काम करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांच्या मणक्यावर दाब दिला आणि त्यामुळे लिलार्ड यांना पुन्हा ऐकू येऊ लागले, असा दावा केला. हा दावा पामर यांचा. आजचे वैद्यकशास्त्र त्यास पुरावा मानत नाही. पुढे १८९७ मध्ये त्यांनी शिकवणीचे वर्ग सुरू केले. ‘हात’ आणि ‘कृती’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून पद्धतीला नाव मिळाले.

मणके किंचित सरकले, की मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो आणि बहुतेक आजार त्यातूनच उद्भवतात, असे पामर यांचे म्हणणे होते. या कथित विचलनाला ‘सब्लक्सेशन’ म्हटले जाते. या मांडणीत रुग्णाला करण्यासारखे फारसे काही नव्हते. दोष मणक्यात आणि उपाय उपचारकर्त्याच्या हातात. व्यायाम, चालणे, कामाची पद्धत या गोष्टींना त्यात दुय्यम स्थान होते.

कायद्याची मान्यता या व्यवसायाला टप्प्याटप्प्याने मिळाली. अमेरिकेत कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये परवान्याचा कायदा केला, तर सर्वांत शेवटी लुइझियानाने १९७४ मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पद्धतीला अशास्त्रीय ठरवून आपल्या सदस्यांना कायरोप्रॅक्टरांपासून दूर ठेवले होते. त्याविरुद्ध १९७६ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात संघटनेचा हा बहिष्कार बेकायदा असल्याचा निकाल १९८७ मध्ये लागला आणि १९९० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम ठेवला. मात्र बहिष्कार चुकीचा ठरला म्हणून पामर यांचा सिद्धांत बरोबर ठरला, असे नाही. खुद्द कायरोप्रॅक्टरांमध्येच त्यावर फूट आहे. एक गट आजही सब्लक्सेशनचा आग्रह धरतो. दुसरा गट आपले क्षेत्र कंबर, मान, सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यापुरते मर्यादित मानतो व संशोधनाच्या कसोटीवर उतरण्यास तयार असतो. रुग्णाला हालचालीकडे वळवण्याचा आग्रह प्रामुख्याने या दुसऱ्या गटातून आला.

विश्रांतीचा सल्ला मागे पडला

कंबरदुखीवर अंथरुणात पडून राहणे हा सल्ला एकेकाळी डॉक्टरही सर्रास देत असत. १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात काहींना दोन दिवस, तर काहींना सात दिवस विश्रांती घेण्यास सांगण्यात आले. सात दिवसांच्या विश्रांतीचा कोणताही अधिक लाभ दिसला नाही. उलट दोन दिवस सांगितलेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट करण्यात आले. एकाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे ठरावीक व्यायाम आणि तिसऱ्याला वेदना सोसवेल तितपत रोजचे व्यवहार चालू ठेवण्याची सूचना. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट आणि सर्वांत मागे राहिला तो विश्रांतीचा.

या अभ्यासातील एक बारकावा महत्त्वाचा आहे. कंबर नुकतीच धरलेली असताना ठरावीक व्यायामप्रकारही नेहमीच्या हालचालींपेक्षा सरस ठरले नाहीत. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत रुग्णाला कठीण आसने शिकवण्याची गरज नसते. त्याला थांबू न देणे पुरेसे असते. पद्धतशीर व्यायामाचे महत्त्व वाढते ते दुखणे लांबल्यावर आणि ते पुन्हा उद्भवू नये म्हणून.

विश्रांतीने नुकसान का होते, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. पाठीच्या कण्याला आधार देणारे स्नायू वापरले नाहीत, तर त्यांची ताकद लवकर घटते. दोन मणक्यांमधील चकतीला प्रौढ वयात थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. पोषक द्रव्ये तिच्यापर्यंत आजूबाजूच्या उतींतून झिरपत पोहोचतात आणि त्या देवाणघेवाणीला हालचालीचा हातभार लागतो. शिवाय काम, माणसांचा सहवास आणि झोपेचे वेळापत्रक बिघडले, की वेदनेकडे लक्ष अधिकच वेधले जाते.

प्रश्नाचा आवाकाही मोठा आहे. २०२० मध्ये जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक रोगभार अभ्यासात वर्तवण्यात आला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१८ मध्ये कंबरदुखीवर खास लेखमाला काढली. अनावश्यक स्कॅन, शस्त्रक्रिया आणि वेदनाशामकांचा अतिरेक होतो, तर सक्रिय राहण्याचा साधा सल्ला मात्र मिळत नाही, असे तिचे सार होते. या मालेतील पहिल्या लेखाचे प्रमुख लेखक यान हार्टविगसेन हे डेन्मार्कमधील प्राध्यापक मूळचे कायरोप्रॅक्टर आहेत.

‘कट्ट’ आवाजाचा अर्थ

कायरोप्रॅक्टरने झटका दिल्यावर येणारा ‘कट्ट’ असा आवाज अनेकांना हाड जागेवर बसल्याची खूण वाटतो. प्रत्यक्षात सांध्याची दोन टोके झटकन दूर होतात, तेव्हा त्यातील वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि हा आवाज त्या क्षणाशी निगडित असतो. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांचे चालू एमआरआय चित्रण करून हे दाखवून दिले. आवाज आला म्हणजे सरकलेले काही जागेवर आले, असा अर्थ निघत नाही.

मग या उपचाराचा उपयोग होतो की नाही? दीर्घकालीन कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांचा, म्हणजे नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. हाताने केलेल्या मणक्यांच्या उपचाराचा परिणाम शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच असतो, असे त्यात आढळले. दुसरीकडे, व्यायामाविषयीच्या २४९ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. काहीच न करणे किंवा नेहमीचे उपचार यांच्या तुलनेत व्यायामाने वेदना कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे दोन्ही मार्गांनी काही आराम मिळतो, चमत्कार कोणत्याच मार्गाने होत नाही. फरक असा, की झटक्यासाठी प्रत्येक वेळी दुसऱ्याचा हात लागतो आणि त्याचे शुल्क मोजावे लागते. व्यायाम एकदा अंगवळणी पडला, की तो रुग्णाच्या मालकीचा होतो. हृदय, रक्तातील साखर आणि झोप यांनाही त्याचा लाभ मिळतो.

त्यामुळेच संशोधनाकडे लक्ष ठेवणारे कायरोप्रॅक्टर हाताच्या उपचाराकडे एक संधी म्हणून पाहतात. दुखणे थोडे हलके झाले, मान किंवा कंबर थोडी अधिक वळू लागली, की त्या अवधीत रुग्णाला हालचाल सुरू करून द्यायची.

भीतीची गाठ

कंबरदुखीच्या रुग्णाला हलायला लावण्यात सर्वांत मोठा अडसर आळसाचा नसतो, तो भीतीचा असतो. एकदा वाकताना कळ आली, की पुढच्या वेळी माणूस वाकणे टाळतो. टाळल्याने स्नायू आखडतात, आखडल्याने पुन्हा दुखते आणि वाकणे धोक्याचे आहे ही समजूत पक्की होते. या चक्राची शास्त्रीय मांडणी २००० साली मानसशास्त्रज्ञ योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी केली आणि आजचे बहुतेक पुनर्वसन कार्यक्रम तिचा आधार घेतात.

येथे उपचार करणाऱ्याच्या शब्दांना फार वजन येते. ‘तुमचा मणका सरकला आहे’, ‘चकती झिजली आहे, जपून राहा’ अशी वाक्ये रुग्ण वर्षानुवर्षे मनात बाळगतो. कायरोप्रॅक्टरांच्या पारंपरिक भाषेत अशा वाक्यांची रेलचेल होती. जो उपचारकर्ता रुग्णाला आधी कण्याच्या नाजूकपणाची धास्ती घालतो आणि मग चालायला सांगतो, त्याचा सल्ला पाळला जाणे कठीण. म्हणून हालचालीचा आग्रह धरणाऱ्यांना आपली भाषाही बदलावी लागली. कणा मजबूत असतो, दुखणे म्हणजे प्रत्येक वेळी इजा नव्हे आणि थोडे दुखले तरी हालचाल सुरक्षित असते, हे रुग्णाच्या मनावर ठसवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

सल्ला कसा दिला जातो?

‘व्यायाम करत जा’ एवढे मोघम सांगून कोणी व्यायामाला लागत नाही. म्हणून चांगला कायरोप्रॅक्टर पहिल्याच भेटीत वेदनेबरोबर रुग्णाच्या दिनक्रमाची चौकशी करतो. दिवसाचे किती तास बसून जातात, आठवड्यात किती मिनिटे दम लागेल अशी हालचाल होते, पूर्वी काय आवडत होते आणि आता ते का बंद पडले, हे तो विचारतो. त्यानंतर रुग्णाच्या आवाक्यातले छोटे उद्दिष्ट ठरते. दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला त्यात थोडी भर घालायची. त्या दिवशी किती दुखते यावर नव्हे, तर ठरवलेल्या वेळेवर थांबायचे. पुढच्या भेटीत त्याचा हिशेब विचारला जातो.

या पाठपुराव्यात कायरोप्रॅक्टरांची बाजू भक्कम आहे. सामान्य डॉक्टरची गाठ रुग्णाशी काही मिनिटांपुरती आणि तीही क्वचित पडते. कायरोप्रॅक्टरकडे रुग्ण काही आठवड्यांत अनेकदा येतो. सवय बदलण्यासाठी लागणारे वारंवार स्मरण आणि कौतुक या भेटींत सहज देता येते.

किती हालचाल पुरेशी, याचे माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिले आहे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे प्रकार करावेत, अशी तिची शिफारस आहे. कंबरेपुरते बोलायचे, तर साधे चालणेही कमी नाही. ऑस्ट्रेलियातील मॅक्वायरी विद्यापीठाच्या संशोधकांनी कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्या गटात दुखणे उलटण्यापूर्वीचा मध्यमान अवधी २०८ दिवसांचा होता. इतरांत तो ११२ दिवसांचा. यासाठी ना यंत्र लागले, ना व्यायामशाळेचे शुल्क.

डेन्मार्कचा कार्यक्रम

सल्ल्याला व्यवस्थेची जोड कशी द्यावी, याचे उदाहरण डेन्मार्कमध्ये सापडते. तेथील कायरोप्रॅक्टरांचे शिक्षण स्वतंत्र खासगी महाविद्यालयात न होता ओडेन्स येथील सदर्न डेन्मार्क विद्यापीठात, वैद्यकीय विद्याशाखेच्या सान्निध्यात होते. याच विद्यापीठात गुडघे आणि खुब्याच्या संधिवातासाठी २०१३ मध्ये ‘ग्लॅड’ नावाचा व्यायाम कार्यक्रम सुरू झाला. त्याच धर्तीवर दीर्घकालीन कंबरदुखीसाठी २०१८ मध्ये ‘ग्लॅड बॅक’ आला. तो चालवण्याचे प्रशिक्षण फिजिओथेरपिस्ट आणि कायरोप्रॅक्टर अशा दोघांनाही दिले जाते.

कार्यक्रमाचा आराखडा सुटसुटीत आहे. सुरुवातीला वेदना म्हणजे काय आणि हालचाल का सुरक्षित, हे समजावणारी दोन सत्रे. त्यानंतर आठ आठवड्यांत देखरेखीखालील व्यायामाची १६ सत्रे. गटात व्यायाम केल्याने आपल्यासारखेच दुखणे असलेला दुसरा माणूस वाकतो आहे, वजन उचलतो आहे, हे रुग्णाला समोर दिसते. आठ आठवड्यांनी त्याने स्वतःच्या बळावर पुढे जावे, हे उद्दिष्ट पहिल्या दिवशीच सांगितलेले असते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या ‘देखभाल भेटीं’च्या प्रथेहून हा विचार अगदी वेगळा आहे.

पैशाचे गणित

सर्वच कायरोप्रॅक्टर या वाटेने का जात नाहीत? एक कारण मतभेदांचे, दुसरे अर्थकारणाचे. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत १९७२ च्या कायदादुरुस्तीने कायरोप्रॅक्टरांचा समावेश झाला, पण तो केवळ हाताने केलेल्या मणक्याच्या उपचारापुरता. त्याच कायरोप्रॅक्टरने व्यायाम शिकवला किंवा हालचालीविषयी समुपदेशन केले, तर त्याचे पैसे योजना देत नाही. झटक्याला मोबदला आणि सल्ल्याला शून्य, अशी रचना असेल, तर व्यवसाय कोणत्या दिशेला झुकेल, हे वेगळे सांगायला नको. अनेक भेटींची ‘पॅकेज’ आगाऊ विकण्याची पद्धतही रुग्णाच्या स्वावलंबनाला पोषक नाही.

तरीही दबाव दुसऱ्या दिशेनेही वाढतो आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी हाताच्या उपचाराचा विचार व्यायामाचा समावेश असलेल्या उपचाराचा भाग म्हणूनच करावा, असे स्पष्ट केले. अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २०१७ मध्ये स्वतःच्याच सदस्यांसाठी पाच सूचनांची यादी काढली. धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्या सहा आठवड्यांत क्ष-किरण वा स्कॅन नको, पट्ट्याचा दीर्घकाळ वापर नको आणि सक्रिय उपचाराला पूरक नसलेले निष्क्रिय उपचार लांबवू नका, या सूचना तिच्यात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिने रुग्णशिक्षण आणि व्यायामाबरोबर मणक्यांवरील हातांच्या उपचारालाही स्थान दिले. कंबरेचे पट्टे आणि ताण देण्याचे उपचार मात्र नाकारले.

आपल्याकडील रुग्णाने काय पाहावे?

भारतात कायरोप्रॅक्टरांची संख्या थोडी आहे आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपिस्टांचा समावेश मात्र संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आहे. समाजमाध्यमांवरील ‘कट्ट’ आवाजाच्या चित्रफिती पाहून मोठ्या शहरांत असे उपचार घेण्याची ओढ वाढत असताना समोरच्या व्यक्तीचे शिक्षण कोठे झाले, हे विचारणे गरजेचे ठरते. मानेला दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या घटना क्वचित, पण नोंदल्या गेल्या आहेत. पायातील ताकद जाणे, लघवी वा शौचावरील नियंत्रण सुटणे, जांघेत बधिरपणा, ताप, कारणाविना वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा अपघातानंतरचे दुखणे, यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांकडेच जायला हवे.

हालचालीच्या बाबतीत भारताचे चित्र चिंताजनक आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ साली जगातील ३१ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करीत नव्हते. भारतात हे प्रमाण जवळपास ५० टक्के होते आणि महिलांमध्ये पुरुषांहून अधिक. २००० साली ते २२ टक्क्यांच्या आसपास होते. लोकल, बस वा मोटारीत दोन तास आणि संगणकापुढे आठ-नऊ तास घालवणाऱ्या नोकरदाराला आठवड्यातून एकदा मिळालेला झटका या बैठ्या दिवसाची भरपाई करू शकत नाही.

उपचार कायरोप्रॅक्टरकडे घ्या, फिजिओथेरपिस्टकडे घ्या किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे. पहिल्या भेटीनंतर तीन गोष्टी तपासता येतात. घरी करण्यासारखे काही नेमके सांगितले गेले का? ते केले की नाही, हे पुढच्या वेळी विचारले गेले का? आणि उपचार कधी संपणार, याचा अंदाज दिला गेला का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर तेथील आराम कितीही सुखावणारा असला, तरी दुखणे उलटेल तेव्हा रुग्णाला पुन्हा त्याच टेबलावर जाऊन पडावे लागेल.